मेंदूला इजा झालेला माणूस समाजात परतला की नाही, हे मोजायचं कसं?

प्रश्न एका पुनर्वसन केंद्रात काम करणाऱ्या, पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून झटणाऱ्या तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्टचा आहे. थोडक्यात असा: "अपघात, लकवा किंवा मेंदूज्वरानंतर घरी गेलेले आमचे पेशंट समाजात कितपत परतले, हे आम्ही सीआयक्यू या प्रश्नावलीने मोजतो. पुरुषांना घरकामात जवळजवळ शून्य मिळतं, गृहिणींना कामधंद्यात शून्य मिळतं. कधी गुण वाढलेले असतात आणि घरचे म्हणतात, काहीच फरक नाही. साधन बदलावं का? विचारायचं कोणाला, पेशंटला की घरच्यांना? आणि कधी?"

साधन बदलायची घाई करू नका. सीआयक्यू, म्हणजे कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर, सांगते की माणूस आज काय करतो. तो आधी काय करत होता, त्याच्या घरात ते काम कोणी करायची रीत आहे आणि आपल्या माणसांत त्याची जागा त्याला परत मिळाली का, हे ती विचारत नाही. हे तीन प्रश्न आपण शेजारी मांडले नाहीत, तर एकूण गुणांवरून काहीच कळत नाही. मी पश्चिम महाराष्ट्रात काम करते, बरंचसं पेशंटच्या घरी जाऊन. त्यामुळे पुढचं सगळं घराच्या ओसरीवरून दिसतं तसं लिहिते आहे.

आधी प्रश्नावलीची बांधणी बघू, कारण तुमच्या अडचणींचं मूळ तिथेच आहे. बॅरी विलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती मांडली, उत्तर अमेरिकेतल्या, डोक्याला मार लागलेल्या माणसांसाठी. १५ प्रश्न, तीन भाग, एकूण २९ गुण. पहिला भाग घराचा, १० गुणांचा: किराणा कोण आणतं, स्वयंपाक कोण करतं, रोजचं घरकाम, मुलांची देखभाल, मित्र-नातेवाइकांच्या गाठीभेटी ठरवणं. एकट्याने केलं तर २, कोणाबरोबर केलं तर १, दुसऱ्यानेच केलं तर ०. दुसरा भाग लोकांतल्या वावराचा, १२ गुणांचा: बँक आणि बिलं कोण बघतं, महिन्यातून खरेदीला किती वेळा जाता, सिनेमा-खेळ-हॉटेल किती वेळा, मित्रांकडे किंवा नातेवाइकांकडे किती वेळा, मोकळा वेळ बहुतेक कोणाबरोबर जातो, मनातलं सांगावं असं जिवाभावाचं कोणी आहे का. तिसरा भाग कामधंद्याचा, ७ गुणांचा: घराबाहेर किती वेळा पडता याचे २, आणि नोकरी, शिक्षण, स्वयंसेवा मिळून ५.

ही प्रश्नावली आली तेव्हा तिचं मोल मोठं होतं, आजही आहे. हॉस्पिटलातली आपली नेहमीची मोजमापं अंघोळ, कपडे, जिना, शी-शू यांपाशी थांबतात. रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणाऱ्या एफआयएमचे १८ मुद्दे आणि १२६ गुण तुम्हाला पाठ असतील. एखादा मुलगा १२६ पैकी १२० घेऊन घरी जातो आणि दोन वर्षं खाटेवर बसून मोबाईल बघतो. एफआयएमच्या लेखी तो बरा आहे. हा मुलगा घराबाहेर पडतो का, त्याला मित्र उरलेत का, तो कामाला लागला का, हे सगळ्यांना विचारता येईल अशा साध्या भाषेत सीआयक्यूने मांडलं. प्रश्न भावनांचे नाहीत, वागण्याचे आहेत, म्हणून घरच्यांनाही विचारता येतात.

पण गुण देण्याच्या पद्धतीत एक समज घट्ट बसलेली आहे: एकट्याने केलेलं काम सगळ्यात मोलाचं. मोकळ्या वेळाच्या प्रश्नात तर हे फार स्पष्ट दिसतं. वेळ एकट्याने घालवला तर ०, घरच्यांबरोबर घालवला तर १, मेंदूला इजा झालेल्या मित्रांबरोबर घालवला तरी १. इजा नसलेल्या मित्रांबरोबर किंवा घरचे आणि मित्र अशा दोघांबरोबर घालवला तर २. ज्या समाजात मोठं झाल्यावर माणूस वेगळं घर करतो, तिथे हे हिशेब बऱ्यापैकी जुळतात. आपल्याकडे भाऊ, भावजय, चुलता, आत्या आणि शेजारची दोन घरं मिळून माणसाचा अख्खा गोतावळा होतो. तिथे "घरच्यांबरोबर" याला एकच गुण मिळणं खटकतं. तरीही गुणांत स्वतःहून फेरफार करू नका. तसं केलंत तर तुमचे आकडे कोणाशीच ताडता येणार नाहीत. गुण आहे तसा द्या आणि शेजारी एक ओळ लिहा. माझा सगळा भर या शेजारच्या ओळीवर आहे.

पन्नाशीतल्या एका बाईंचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील एकत्र केले आहेत. डाव्या अंगाला लकवा, आठ महिने झालेले, काठी घेऊन घरात फिरतात. घरात मुलगा, सून, नवरा. लहान मूल नाही. किराणा: सुनेबरोबर, १. स्वयंपाक: सुनेबरोबर, १. घरकाम: सुनेबरोबर, १. पाहुण्यांचं येणं-जाणं ठरवणं: सगळ्यांबरोबर, १. मुलांचा प्रश्न लागू नाही, त्याला उरलेल्या चार प्रश्नांची सरासरी धरतात, म्हणजे १. घराच्या भागात १० पैकी ५. आता लकव्याच्या आधीच्या महिन्याबद्दल हेच प्रश्न विचारले. किराणा दोघी मिळून, स्वयंपाक दोघी मिळून, घरकाम दोघी मिळून. तेव्हाही ५. कागदावर या बाईंचं घरातलं काहीच गेलेलं नाही.

मग सुनेला विचारलं, आज भाजी कोणती करायची हे कोण ठरवतं? ती म्हणाली, "मीच. आईंना शेंगा सोलायला देते, लसूण निवडून ठेवतात." आणि आधी? "आधी आई सांगायच्या तेच व्हायचं." दोन्ही वेळा उत्तर "दोघी मिळून" हेच आहे, दोन्ही वेळा गुण १ आहे. आधी त्या काम वाटून द्यायच्या, आता त्यांना काम वाटून मिळतं. घरचे म्हणतात ना, "त्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत", ते यामुळे. म्हणून घराच्या पाचही प्रश्नांना मी एक जोडप्रश्न लावते: हे काम कोण करतं याच्या पाठोपाठ, हे कोण ठरवतं? उत्तराला गुण नाही. फक्त "स्वतः", "मिळून" किंवा "दुसरं कोणी" एवढंच लिहायचं, आधीचं आणि आताचं. सहा महिन्यांनी हा रकाना बघा. उपचारांचा खरा परिणाम बऱ्याचदा इथे आधी दिसतो आणि गुणांत नंतर.

याच बाईंचा कामधंद्याचा भाग बघा, कारण तुमचा गृहिणींबद्दलचा प्रश्न त्यातच आहे. नोकरी नाही, शिक्षण नाही, स्वयंसेवा नाही, म्हणून ५ पैकी ०. "स्वयंसेवा करता का?" असं विचारलं की बायका नाहीच म्हणतात. नाव घेऊन विचारायला लागतं: बचत गट आहे का? भजनी मंडळ? शाळेची व्यवस्थापन समिती? देवळाची झाडलोट? गणपती मंडळाचा महाप्रसाद, दिंडीतल्या वारकऱ्यांचं जेवण? या बाई बचत गटाची वही लिहायच्या. लकव्यानंतर वही दुसरीकडे गेली, आणि महिन्याच्या मीटिंगला "कशाला त्रास देता त्यांना" म्हणून बोलावणं बंद झालं. महिन्यातून एक ते चार वेळा असं काम असेल तर १ गुण, पाच किंवा जास्त वेळा असेल तर २. म्हणजे तुमच्याकडच्या शून्यातली काही शून्यं प्रश्न नाव घेऊन न विचारल्याने आली असतील. उरलेली शून्यं मात्र प्रश्नावलीचीच आहेत, कारण पगार नसलेलं दिवसभराचं काम तिच्या या भागात बसत नाही. त्यावर उपाय एकच: त्या बाईंची तुलना त्यांच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशी करा. गटाचा अहवाल लिहाल तेव्हा बायका आणि पुरुष यांचे तिन्ही भाग वेगवेगळे मांडा. घराच्या भागात बायकांचे गुण जास्त येतात, हे बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांतही दिसलेलं आहे.

पुरुषांचं उलटं. ज्याने आयुष्यात कधी चहा ठेवला नाही, त्याचं घरातलं शून्य हे नुकसान नव्हे. त्याला चहा करायला शिकवून गुण वाढवता येतो, आणि असे वाढवलेले गुण मी अनेक फायलींत बघितले आहेत. त्याला स्वतःला शिकायचं असेल तर जरूर शिकवा. बायको कामावर जाते, दुपारी घरी एकटा असतो, तर चहा आणि वरण-भात येणं ही त्याची गरजच आहे. पण केवळ रकाना भरायचा म्हणून शिकवलं, तर घरचे म्हणणारच की काही फरक नाही. तो ज्या पारावर बसायचा, तो पार अजून रिकामाच आहे.

कामधंद्याचा भाग पुरुषांच्या बाबतीत दुसऱ्या बाजूने फसवतो. मोटारसायकलचा अपघात, कपाळामागच्या भागाला मार, पंचविशीतला मुलगा. वर्षाने सीआयक्यू केली तर रोज घराबाहेर पडतो, २. पूर्ण वेळ काम, ४. सातपैकी ६. बघणाऱ्याला वाटेल, अजून काय हवं? काम म्हणजे भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी नऊ ते रात्री आठ बसणं. मी दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं की भाऊ उठायचा. मुलगा खिळे मोजून पुडीत बांधायचा, तेही सांगितल्यावर. गल्ल्याला हात लावायची परवानगी नव्हती, उधारीच्या वहीलाही नाही. भावाचा यात दोष काढू नका. मुलाला सांभाळायचं, घरी एकटं सोडायचं नाही आणि दुकानही चालवायचं, यावर त्याने शोधलेली ती वाट आहे. पण मोजमाप करणाऱ्याने "पूर्ण वेळ" लिहून पुढे जायचं नसतं. तीन गोष्टी विचाराव्यात: काम स्वतःहून सुरू करतो का, पैशाला हात लावू देतात का, आणि तो एक दिवस आला नाही तर कोणाचं अडतं का? त्या मुलाच्या बाबतीत आम्ही उद्दिष्ट ठेवलं ते छोटं होतं. पाईपच्या जोडण्यांचं कपाट त्याच्या ताब्यात द्यायचं, चिठ्ठीवर मापं लिहून, आणि तेवढ्या मालाचे पैसे त्यानेच घ्यायचे. सीआयक्यूचा गुण ६ होता, तो ६ च राहिला. त्याच्या आईने मात्र न विचारता सांगितलं की हल्ली हा जेवताना दुकानातलं बोलतो.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. आठवड्याला २० तासांच्या वर ते पूर्ण वेळ, अशी मांडणी शेतीला लागू पडत नाही. पेरणीत चौदा तास, मग पंधरा दिवस काही नाही. गेल्या हंगामात कोणकोणती कामं केली ते विचारा: पाळी घातली का, पाणी धरलं का, बाजारात माल घेऊन कोण गेलं. बाजारात गेला असेल तर भाव कोणी केला, हेही.

"आधी काय होतं" हे विचारायची एक पद्धत आहे. नुसतं "अपघाताआधी कसा होता?" म्हटलं की आठवणी सोन्याच्या होतात. ठरावीक महिना धरा, अपघाताच्या आधीची दिवाळी किंवा गावची जत्रा धरा, आणि त्या काळाबद्दल तेच १५ प्रश्न विचारा. पहिल्या भेटीतच विचारा, दोन वर्षांनी नव्हे. या तुलनेवरच उभं असलेलं एक साधनही आहे. सिडनीच्या रॉबिन टेट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिडनी सायकोसोशल रीइंटिग्रेशन स्केल, १२ मुद्द्यांची. कामधंदा व फावला वेळ, नातेसंबंध आणि स्वतंत्र राहणं या तीन बाजूंनी, इजेच्या आधीच्या तुलनेत काय बदललं हे ती विचारते. नातेसंबंधांचा भाग त्यात सीआयक्यूपेक्षा भरीव आहे. वागण्या-बोलण्यात बदल झालेल्या पेशंटसाठी मी ती आधी काढते.

आता ज्या बाजूला सीआयक्यू हातच लावत नाही ती बाजू. माणसाला स्वतःला काय वाटतं? मेरी अ‍ॅन मॅकॉल आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कम्युनिटी इंटिग्रेशन मेजर, सीआयएम, प्रसिद्ध केलं. त्याआधी त्यांनी मेंदूला इजा झालेल्या माणसांनाच विचारलं होतं की तुमच्या लेखी समाजात असणं म्हणजे काय. त्यातून आलेली १० विधानं, प्रत्येकी ५ गुण, एकूण १० ते ५०. मी इथली आहे असं वाटतं. इथले रस्ते मला माहीत आहेत. इथल्या रीतीभाती मला कळतात आणि त्यात मी बसतो. लोक मला स्वीकारतात. जवळची वाटतील अशी माणसं इथे आहेत. नमस्कार केला तर उलट नमस्कार करतील एवढ्या ओळखीचे लोक आहेत. दिवसाच्या मुख्य वेळात मला काहीतरी उपयोगाचं काम आहे. असं सगळं. एकट्याने की मिळून, याचे गुण नाहीत. घरात किती माणसं, याचे गुण नाहीत. त्यामुळे आपल्या घरांत ते अडखळत नाही.

अडचण वेगळी येते. आपली माणसं डॉक्टर-थेरपिस्टसमोर तक्रार करत नाहीत, त्यातून सासू शेजारी बसलेली असेल तर नाहीच. दहाच्या दहा विधानांना "हो, हो, चांगलंय" आणि ४८ गुण. त्यासाठी तीन गोष्टी करते. एकटं गाठून विचारते, अंगणात किंवा दवाखान्याच्या मागच्या बाकावर. सुरुवातीला विचारते की तुमची माणसं म्हणजे कोण, आणि त्या उत्तराला धरून पुढची सगळी विधानं विचारते. कोणी वाडी म्हणतं, कोणी सोसायटी, कोणी दिंडीतली माणसं, एकाने एसटी डेपोतले जुने सहकारी सांगितले होते. उत्तर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच धरायचं आहे. तिसरं, "हो" आलं की एक उदाहरण मागते. "ओळखीचे लोक आहेत" म्हणाला तर काल कोणी हाक मारली? उदाहरण आलं नाही तरी गुण बदलत नाही, पण तसं लिहून ठेवते.

सीआयक्यू आणि सीआयएम शेजारी ठेवले की चार तऱ्हा दिसतात, त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एक, सीआयक्यू कमी आणि सीआयएम जास्त. घरातच असतो, पण सुखात आहे, लोक येतात, बोलतात. अशा माणसाला गुण वाढवण्यासाठी ओढून बाहेर काढायची गरज नसते. आधी बघायचं एवढंच की हे समाधान खरं आहे की स्वतःची स्थितीच त्याला उमगत नाही. दुसरी, सीआयक्यू जास्त आणि सीआयएम कमी. नोकरीवर परतलेला क्लार्क, २९ पैकी २२, आणि "लोक मला स्वीकारतात" याला १. या माणसांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्या फायलीत ती "यशस्वी" म्हणून बंद झालेली असतात, आणि दुपारच्या डब्याला ती एकटी बसतात. केंद्राने फोन करणं थांबवल्यावर त्यांना विचारणारं कोणी उरत नाही.

विचारायचं कोणाला, याचं उत्तर साधनावर अवलंबून आहे. सीआयक्यू दोघांनाही विचारा, वेगवेगळं बसवून. कपाळामागच्या भागाला किंवा मेंदूच्या उजव्या बाजूला मार असेल, तर आपल्यात काय कमी झालंय हे माणसाला अनेकदा कळत नाही. हा त्याचा हट्ट किंवा खोटेपणा नसतो, इजेचाच भाग असतो. "सगळं मीच करतो" असं तो मनापासून सांगतो. बायको नेमकं उलटं सांगते. तिची उत्तरं तरी निखळ कुठे असतात? दमलेली, घाबरलेली बाई त्याने केलेलं कामही कमी धरते. म्हणून दोन उत्तरांची सरासरी काढू नका. दोन्ही लिहा, कोणी दिलं ते लिहा, आणि पुढच्या वेळीही त्याच दोघांना विचारा. पहिल्या वेळी बायको आणि दुसऱ्या वेळी भाऊ असं झालं, तर दिसणारा बदल पेशंटमधला आहे की उत्तर देणाऱ्यातला, हे सांगता येत नाही. दोघांच्या गुणांतलं अंतर कमी होत गेलं, तर तीही प्रगतीच. खरेदी, प्रवास, काम असल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. मनातल्या गोष्टींत जुळत नाही. म्हणून सीआयएम घरच्यांना विचारायचंच नाही. "त्याला कसं वाटतं" हे बायकोने सांगितलेलं उत्तर तिचं असतं.

कधी मोजायचं, याचं उत्तर बहुतेक जण तीन, सहा, बारा महिने असं देतात. डिस्चार्जच्या दिवशी मोजण्यात अर्थ नाही, कारण वॉर्डातल्या माणसाला समाजच नसतो. तीन महिन्यांना एक धोका आहे. तेव्हा सगळं गाव बघायला येत असतं. घर भरलेलं, फोन सारखा वाजतोय, त्यामुळे माणसं जवळ आहेत असं वाटतं. सीआयक्यूचा प्रश्न तुम्ही लोकांकडे किती वेळा जाता असा आहे, लोक तुमच्याकडे किती वेळा येतात असा नाही. विचारताना हे पक्कं धरून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांचे गुण फुगतात आणि वर्षाने माणूस खालावला असं दिसतं.

सहा महिन्यांची अडचण ऋतूची आहे, आणि ही मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, पावसाने शिकवली. जानेवारीत मोजलेला माणूस जुलैमध्ये पुन्हा मोजला की त्याचं बाहेर पडणं घटलेलं असतं. चिखल, शेवाळ, बंद पडलेली एसटी, आणि काठी घेऊन चालणाऱ्याला घसरायची भीती. उलट नोव्हेंबर ते मे लगीनसराई आणि जत्रा, तेव्हा गाठीभेटींचे गुण आपोआप चढतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर अख्खा गोतावळाच सहा महिने जागेवर नसतो. म्हणून बदल झाला की नाही हे ठरवायला त्याच महिन्यातलं मोजमाप धरा, या दिवाळीनंतरचं आणि पुढच्या दिवाळीनंतरचं. सहा महिन्यांचं मोजमाप उपचार ठरवायला वापरा, निकाल द्यायला नको. आणि एक-दोन गुणांच्या चढउताराला बदल म्हणू नका. एखाद्या महिन्यात दोन बारशी आली की तेवढा फरक पडतो.

पावसाच्या पाठोपाठ येतो रस्ता. माणूस बाहेर पडत नाही, कारण त्याला जमत नाही, की कारण फूटपाथवर टपऱ्या आहेत, एसटीची पायरी गुडघ्याएवढी उंच आहे, सार्वजनिक शौचालय नाही? सीआयक्यू दोघांनाही तेच शून्य देते. अमेरिकेतल्या क्रेग हॉस्पिटलने आजूबाजूच्या अडथळ्यांसाठी एक यादी केली आहे, चीफ नावाची, मूळ २५ मुद्द्यांची आणि छोटी १२ मुद्द्यांची. पूर्ण भरायला वेळ नसेल तर निदान प्रत्येक शून्यापुढे "माणसामुळे" की "वाटेमुळे" हे लिहा. शौचालयाचा प्रश्न बायकांना वेगळा काढून विचारा. बाजाराला न जाण्यामागे अनेकदा तेवढंच कारण असतं आणि ते आपणहून कोणी सांगत नाही.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. फोन आणि इंटरनेटचं जग मूळ सीआयक्यूत नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या सुधारित आवृत्तीत, सीआयक्यू-आरमध्ये, त्याचे तीन प्रश्न वाढवले आहेत आणि एकूण गुण ३५ होतात. तरुण पेशंटसाठी तीच वापरा. फक्त फॉरवर्ड केलेले सुप्रभात संदेश हा संपर्क धरू नका, कोणाशी तरी झालेलं बोलणं धरा. पार्ट-ओ हे समाजातला सहभाग मोजणारं १७ प्रश्नांचं साधन अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत चालतं. काम, नातेसंबंध आणि घराबाहेरचा वावर यांत समतोल असेल तर जास्त गुण, अशी त्यात एक मोजणी आहे, आणि दिवसभर दुकानात बसणाऱ्या त्या मुलासारख्यांचं चित्र त्यातून जास्त खरं येतं. मेंदूच्या इजेनंतरच्या अडचणी मोजणाऱ्या मेयो-पोर्टलँड या साधनाचा सहभागाचा भाग ८ मुद्द्यांचा आहे आणि टीमने मिळून भरायला चांगला. जागतिक आरोग्य संघटनेचं अपंगत्व मोजणारं साधन व्हूडास २.०, ३६ किंवा १२ प्रश्नांचं, सगळ्या आजारांना चालतं. वेगवेगळ्या आजारांचे पेशंट एकाच अहवालात घ्यायचे असतील तरच मी ते काढते. सगळी एकदम लावू नका. थकवा हा या पेशंटचा मोठा त्रास असतो, चाळीस मिनिटांनंतरची उत्तरं थकव्याची असतात. सीआयक्यू आणि सीआयएम, जोडीला कोण ठरवतं हा रकाना आणि आधीच्या महिन्याचं मोजमाप, एवढं बहुतेक केंद्रांना पुरतं.

माझ्याकडे आणखी चार बिनगुणांचे प्रश्न असतात, तेही देते. गेल्या महिन्यात लग्न, बारसं, दहावं-तेरावं यांचं बोलावणं तुमच्या नावाने आलं का, गेलात का, किती वेळ बसलात? घरात मोठा खर्च ठरताना तुम्हाला विचारलं का? एकटे कुठपर्यंत जाता, आणि तिथून पुढे का नाही? मागच्या निवडणुकीत मत दिलंत का? शेवटच्या प्रश्नावर अनेकदा घरचेच म्हणतात, "त्याला कशाला नेऊ?" तिथून बोलणं खरं सुरू होतं.

घरचे हे गुण घेऊन प्रमाणपत्राला किंवा कोर्टात जातात, म्हणून सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची इजा स्वतंत्र नाही. प्रमाणपत्र हालचाल, दृष्टी, वाचा, मानसिक आजार अशा वाटांनी मिळतं, आणि त्यासाठी ठरलेली मोजमापं वेगळी आहेत. सीआयक्यूचे गुण तिथे चालत नाहीत. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र तपशिलाचा उपयोग होतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईचं नुकसान असं नाही. माणूस आधी काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो, ते बघायला हवं. तेव्हा अहवालात "सीआयक्यू १३" एवढंच लिहू नका. आधी ट्रक चालवायचा, आता घरापासून चौकापर्यंत सोबतीने जातो, पैशाचे व्यवहार भाऊ बघतो, असं ओळीने लिहा.

राहिले वाचा गेलेले पेशंट. केंद्रात बहुतेक वेळा त्यांना "मोजता येत नाही" म्हणून वगळतात किंवा बायकोची उत्तरं घेऊन मोकळे होतात. सीआयक्यूसाठी घरच्यांची उत्तरं चालतील, पण पेशंटला समोर बसवून, प्रत्येक उत्तरावर त्याची मान हो की नाही हे बघत. सीआयएमसाठी विधानं लहान करा, एका वेळी एकच, मोठ्या अक्षरात कागदावर. पाच चेहऱ्यांची पट्टी समोर ठेवा, आणि विधानातल्या माणसांचे-जागांचे फोटो त्यांच्याच मोबाईलमधून काढून दाखवा: चौक, दुकान, देऊळ, मित्र. आधी दोन प्रश्न असे विचारा ज्यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत, म्हणजे त्याला पट्टी कळली की नाही हे समजेल. कळली नसेल तर तिथेच थांबा, तसं फायलीत लिहा आणि पुढच्या महिन्यात स्पीच थेरपिस्टला बरोबर घेऊन पुन्हा बसा.